फांदी हातात आल्याशिवाय

बाबा, तुमी गेले तेव्हा माही लेक जन्मली नव्हती, अन् आता तिलेच पोरगी झाली. अकोल्याच्या दवाखान्यात. सावळी आहे, नाक तुमचं. तेच सांगाले बसली, पण मले रस्ताच आठवून राहिला, कारण ती जवळजवळ रस्त्यावरच झाली असती.

बार्शीटाकळीहून आमी जीपनं निघालो. पुढं रस्ता खोदलेला, एकच बाजू चालू, अन् लाल झेंडी घेऊन एक बाई उभी. औंदा कापूस गेला, तवापासून कितीक बाया वावर सोडून रस्त्याच्या कामावर आहेत. तुमी जन्मभर झेंडी धरली, तुमचीच पद्धत अजून चालते. तिकडून सोडलेल्या शेवटच्या गाडीजवळ फांदी द्यायची, ती इकडच्या माणसाच्या हाती आली की रस्ता मोकळा. मंधात वळण अन् धूळ, समोरचं काही दिसत नाही.

गाड्या आल्या, शेवटी एका नवरदेवाची जीप गेली, मग काहीच नाही. फांदीही नाही. आत लेक कण्हत होती. मी उतरून म्हटलं, "सोड न वं बाई. माही लेक अडली आहे."

"आजी, फांदी येऊ द्या. समोरून टिप्पर आला तं लेकीले कुठं नेसान?"

मले राग आला. तुमचाही आला. मले पाहाले आलेले पाहुणे तुमी असेच उन्हात उभे केले होते, अन् माय तुमच्याशी किती दिवस धड बोलली नाही. तुमी जेवता जेवता एवढंच म्हणे, "ट्रकले काय समजते, पाहुणे कोन अन् कोन नाही?"

मग ध्यानात आलं. नवरदेवाच्या जीपच्या तोंडावर हारात आंब्याची हिरवी फांदी खोचलेली होती. ती जीप आमच्या मागं चहाच्या टपरीवर थांबली होती. मी तरातरा गेली.

"फांदी द्या."

"आजी, सगुनाची हाय. रस्त्यावाल्यानं लग्नाले देल्ली," नवरदेवाचा मामा म्हणे.

"लग्नाले नाही रे बाप्पा, रस्त्याले देल्ली. तुमच्या सगुनापायी माही लेक जीपमध्ये बाळंत होते."

नवरदेव स्वतःच उतरला, बाशिंग सांभाळत फांदी उपटून देल्ली. बाईनं ती हातात घेतली, अन् तवाच हिरवी झेंडी वर केली. दवाखान्यात पोचलो, अन् थोड्या वेळानं नात रडली.

हा कागद गादीखाली ठेवतो. काल त्या बाईले डिंकाचे लाडू देऊन आली. घरी देवळात जातो म्हणून सांगितलं, कारण लाडू बाळंतिणीच्या डब्यातले होते.