वाचून दाखवणारी

बाई, मी बोलतेय आणि धाकटीची मुलगी, माझी नात, लिहितेय. तुम्ही दोन वर्षं पाटी घेऊन माझ्यामागे फिरलात आणि मी 'अ'ची शेपटी कुठल्या बाजूला यावरून तुमच्याशी वाद घालत बसले, त्याचं हे फळ. आता एक पान लिहून घ्यायचं तर या पोरीला आधी वडापाव चारावा लागतो. मध्येच म्हणते, "आजी, हळू." मी म्हणते, माझ्या वयाच्या बाईला हळू म्हणू नये, ती थांबली तर पंचाईत व्हायची.

तुम्ही दर बुधवारी अंबरनाथहून आमच्या उल्हासनगरच्या बराकीत यायचात, मला बाप्तिस्म्यासाठी तयार करायला. एकदा मी विचारलं होतं, आता मंडळीत आले, तर जवळची मैत्रीण कुणाला करू? माझ्याच चुलीवरची आमटी तुम्ही ढवळत होतात. ती पळी माझ्या तोंडापुढे धरून म्हणालात, "ख्रिस्ती आहे म्हणून जवळ करू नकोस. प्रार्थना गोड करते म्हणून तर मुळीच नको. आधी तुझं एक लहान दुःख तिला सांग आणि महिनाभर थांब. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून परत आलं नाही, तर मग मोठं सांग." मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे लहान दुःखं नाहीतच हो." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चेष्टा नको करू. तुला वाचता येत नाही. तुझं सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांतून येणार." आमटीचे थेंब जमिनीवर पडत होते आणि माझं लक्ष त्या थेंबांकडे होतं.

मग तुमचे गुडघे गेले आणि तुम्ही नगरकडे भावाच्या गावी राहायला गेलात. जाताना तुमचं बायबल मला दिलंत. न वाचणाऱ्या बाईला एवढं जाड पुस्तक म्हणजे टकल्याला फणी, पण तुमच्यापुढे कोण बोलणार. पोरी दिवसभर बाहेर, ते वाचून दाखवायला माणूस हवं होतं, म्हणून ती आली. दोन बराकी पलीकडे राहायची, मंडळीतलीच, विधवा, मूलबाळ नाही. सिंधी शेठच्या कारखान्यातून जीन्स यायच्या, त्यांचे धागे आम्ही दोघी दुपारी बसून कापायचो. हात दुखले की ती बायबल उघडायची. वाचायला लागली की भिंतीवरची पालसुद्धा हलायची नाही. घरात खुर्ची एकच, ती तिची झाली. शेजारची सिंधीण वाटी घेऊन यायची, तिचं येणं पहिल्याच वर्षी बंद पडलं. "जगातल्या लोकांशी फार घसट नको, लिहिलंय इथे," ती म्हणायची आणि पानावर बोट ठेवायची. खरंच लिहिलंय की नाही, हे मी कुणाला विचारणार? मग मंडळीतल्याही बाया कमी झाल्या. कुणी बोलत नव्हतं, भांडत नव्हतं. दुपारी दारात फक्त तिच्या चपला दिसायच्या.

थोरलीचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. मोरिवलीला एका कंपनीत पॅकिंगला जायची ती. मुलगा बदलापूरचा, मंडळीतलाच, शांत. साखरपुडा झाला. लग्नानंतर मीही त्यांच्याजवळ बदलापूरला खोली घ्यावी असं विहीणबाईंनी सुचवलं. पण थोरलीला फिट यायची, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. वर्षातून दोनदा, तीनदा. ती कामाला गेली की पाळी सुटेपर्यंत माझा जीव त्या मशीनींमध्ये असायचा. मुलाकडच्यांना सांगू की नको, हे मी तुम्हाला विचारलं. विचारलं म्हणजे त्या वाचून दाखवणारीकडून पत्र लिहून घेतलं. पोरगी सातवीपर्यंत शिकलेली, तिला वाचता-लिहिता येत होतं, पण त्या आजाराचा शब्द आम्ही मायलेकींनी एकमेकींपुढे कधी काढला नव्हता. म्हणून सगळ्यात मोठं दुःख मी खुर्चीतल्या बाईला सांगितलं. ती लिहिताना एकदाच थांबली. म्हणाली, "बदलापूरला जाणार म्हणजे तू?" मी म्हटलं, "बघू." तिनं पुढचं लिहिलं.

तुमचं उत्तर आलं, निळं आंतरदेशीय पत्र. तिनं वाचलं, "बाई म्हणतात, सांगायची गरज नाही. विश्वास ठेव, प्रभू बरं करील. तुम्ही दोघी मिळून प्रार्थना करा." पत्र तिनंच बायबलात ठेवलं. मी मुलाकडच्यांना काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी अंबरनाथला बायकांची सभा होती, विहीणबाई बदलापूरहून आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ती प्रार्थनेला उभी राहते. "हे प्रभू, एका घरातल्या एका मुलीवर दया कर. नाव तुला ठाऊक आहे, मी घेत नाही." खरंच घेतलं नाही हो नाव. फक्त मोरिवलीला कामाला जाते, साखरपुडा झालाय आणि फिट येते, एवढंच देवाला सांगितलं. देवाला पत्ता नीट कळावा म्हणून असेल. मी डोळे उघडले. माझ्यापुढच्या रांगेत विहीणबाईंची मान हळूहळू वर आली. "आमेन" सगळ्यांनी म्हटलं, त्यांनी नाही.

रविवारी त्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "आजाराचं काही नाही हो. माझ्या बहिणीलाही होता. तुम्ही लपवलंत, त्याचं आहे." साखरपुड्याची साडी पोरीनं स्वतः घडी करून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात चपला होत्याच. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही तिच्या. पुढच्या महिन्यात तुम्ही प्रभूकडे गेल्याचं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितलं.

सात-आठ वर्षं तशीच गेली. थोरलीनं पुन्हा कुणाला होकार दिला नाही. ती बाई म्हातारपणी पुतण्याकडे चामटोलीला गेली, तेव्हा कुठे तुमचं बायबल पोरीच्या हाती आलं; तोवर त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. पोरीनं त्यातलं तुमचं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'मुलाकडच्यांना तू स्वतः सांग, लग्नाआधी सांग. ऐकून घेणारी माणसं असतील तर ऐकतील.' आणि खाली, 'तुझ्या पत्राचं अक्षर मी ओळखलं. तिला मी बारा वर्षं पाहिलंय. तिच्याजवळ आणखी काही बोलू नकोस.' पोरीनं पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "तुला फसवलं गं तिनं, आई." माझ्या केसांवरून हात फिरवला आणि दुसऱ्या पाळीला गेली.

ते वाक्य मी आजवर तसंच राहू दिलं. अजूनही ती ते शेजारच्या बाया आल्या की सांगते. आताही पलीकडच्या खोलीत आहे, इस्त्री करतेय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या गावचं पोस्ट तुमच्यापर्यंत पोचवणार नाही. नातीला सांगितलंय, लिहून झालं की फाड. ती म्हणते, बघू.

बाई, तुमचं उत्तर आलं त्या दुपारी खुर्चीतल्या बाईनं पत्राच्या दोनच घड्या उघडल्या होत्या. तिसरी मिटलेलीच होती आणि तुमची शाई निळ्या कागदातून पाठीमागे उमटलेली मला दिसत होती, चांगल्या सात-आठ ओळी. मी पाहिलं. पण सांगायची गरज नाही, हेच मला ऐकायचं होतं. मी तिला म्हटलं, "चहा टाकते," आणि उठले.