कोरा झुरका

सोमवार, ३ फेब्रुवारी

आली एकदाची अमरावतीले. धाकट्या लेकानं अकोल्याच्या स्टँडवर यष्टीत बसवून दिलं अन् कंडक्टरले बजावलं, म्हातारीले बडनेऱ्यालेच उतरू देऊ नका, डोळा लागला की इले गाव समजत नाही. कंडक्टर माझ्याहून जास्त झोपला. मूर्तिजापूरले मीच त्याले हलवून उठवलं.

नातू शिवम स्टँडवर आला होता. साईनगरात तिसऱ्या माळ्यावर त्याचं घर आहे. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून उभी राहिली. तो म्हणे, आजी, डोळे उघड, पोचलो वर. मी म्हटलं, इतक्या लवकर? मले वाटलं, अजून दोन-चार वर्षं तरी लागतील.

ही वही त्याच्या बायकोची, साधनाची. ती शाळेत मास्तरीण आहे. चारले घरी येते, चहा ठेवते अन् मी बोलते ते लिहून घेते. मले अक्षरओळख नाही, सही म्हणजे अंगठा. तिले वाटते, म्हातारीचं बोलणं मागं राहावं. म्हणजे माझ्या जायची तयारी मी आली त्याच दिवशी सुरू. मी म्हटलं, लिही, पण मी बोलते तसंच लिही, मास्तरकी करून सुधारू नको. म्हणे, शब्द न् शब्द लिहीन आजी.

अकोल्याच्या घरी तीन वर्षांत माझ्याजवळ कोणी इतका वेळ बसलं नाही. टीव्ही बसायचा. ही पोरगी मले आवडली. हे लिहू नको म्हटलं, तर तिनं तेही लिहिलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शिवमचा धंदा आज समजला. दुनियेचे उष्टे पाइप साफ करते माझा नातू. तंबाखू ओढायचे, लाकडाच्या वाटीचे अन् काळ्या रबराच्या दांडीचे. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून जुने आणायचे, घरी बसून नव्यासारखे करायचे, अन् मोबाइलवर फोटो टाकायचा. लोक हौसेनं घेतात म्हणे. मी म्हटलं, बाप्पा, ही तर आडवी निजलेली चिलीम.

काम मात्र सुबक आहे. वाटीच्या आत जळक्या तंबाखूचा थर बसलेला असते, दगडासारखा. तो वाकड्या सुरीनं हळूहळू खरवडायचा. मग वाटीत जाडं मीठ भरायचं, वरून स्पिरिट सोडायचं अन् दिवसभर ठेवायचं. मीठ लोणच्याच्या खारासारखं तपकिरी झालं की समजायचं, जुना वास त्यानं ओढून घेतला. दांडीवर धन्याच्या दातांचे खड्डे पडलेले असतात. दांडी कढत पाण्यात धरली की रबर फुगून खड्डे आपोआप वर येतात. शेवटी मेण लावून फडकं मारायचं.

मी म्हटलं, आण इकडं. चाळीस वर्षं सासऱ्याची चिलीम मीच घासली. शिवमनं भीत भीत मिठातून काढलेले दोन पाइप दिले. चार वाजेपर्यंत दोन्ही चमकले. तो म्हणे, आजी, हे तर माझ्याहून चांगले झाले. मी म्हटलं, तुझे हात तुझ्या आईवर गेले, त्याले मी काय करू.

साधना हसून राहिली, अन् हसता हसता लिहून राहिली. रेघ वाकडी गेली म्हणे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शिवम काल सकाळीच अचलपूरले जाऊन आला. तिथं कमलाकांत नावाचे जुने वकील वारले, सहा महिने झाले. त्यांच्या बायकोनं, ताराबाईनं, त्यांचे सात पाइप देऊन टाकले. जुन्या लुगड्यात बांधून, वर तंबाखूचा अर्धा डबा. शिवम म्हणे, बाई भली आहे, काही नको म्हणाली, फक्त आजच्या आज घेऊन जा. चहाही दिला. घरी बायका किती, हे मात्र दोनदा विचारलं. दोघी आहेत म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं. मी म्हटलं, इतकी भली आहे तर लुगडं तरी धड द्यायचं.

सातांतला सगळ्यात मोठा मी घेतला. लाकूड सुपारीच्या रंगाचं. दांडीवर खड्डे असे खोल, की वकीलसाहेब तो ओढत नसतील, चावत असतील. काल बसून खरवडला, रातभर मीठ भरून ठेवलं, आज खड्डे वर आणले, मेण लावलं.

आमच्या घरी एक रीत होती. चिलीम जिनं साफ केली तिनंच पहिला कोरा झुरका घ्यायचा. आत तंबाखू नाही, विस्तव नाही, नुसती हवा. रस्ता मोकळा आहे का ते पाहायले. मग पुरुषाच्या हाती द्यायची. शिवम त्यासाठी तार घालून पाहते. मी म्हटलं, तारेले काय समजते? तोंड लावलं अन् ओढला. साधना म्हणे, थांबा आजी, फोटो काढते.

हवा आली. पण थंड आली, माठाच्या बुडातून यावी तशी. अन् मी ओढून राहिली, तर समोरूनही कोणी ओढून राहिल्यासारखं झालं. माझाच दम त्या बाजूले गेला. फोटोत मी डोळे फाडून बसली आहे. शिवम म्हणे, हा फोटो टाकला तर गिऱ्हाईक पळून जाईल.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाइपाचे खड्डे परत आले. परवा मी ते रबर सपाट केलं होतं, साधनानं बोट फिरवून पाहिलं होतं. आज जिथं होते तिथंच, तितकेच खोल. शिवम म्हणे, आजी, तू चावून राहिली का? मी तोंड उघडून दाखवलं. माझा शेवटचा दात पडला तेव्हा तू तिसरीत होता.

तोंडाले एक चव येऊन राहिली. तंबाखूची नाही. जुनं नाणं जिभेवर ठेवावं तशी. वरणात तीच, चहात तीच. साधनानं गुळाचा खडा दिला, थोडा वेळ बरं वाटलं. अन् चारचा चहा झाला की डोळा लागते. उठते तर दिवे लागलेले.

शिवम उद्या अकोल्याले जाते. बाकीचे सहा पाइप तिथल्या एका हौशी माणसाले दाखवायचे आहेत, मग काकाच्या पोरीचा साखरपुडा. शनिवारी संध्याकाळी येईन म्हणे. मोठा पाइप इथंच राहिला. खड्ड्यांसकट कोण घेईल?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चार वाजून दहा मिनिटे. लिहून घे.

आज वाटी दोनदा विझली. पेटती ठेवण्याचे काम जिचे, विझण्याचा जाबही तिचा. दोनदा विझली, म्हणून गरम वाटी दोनदा टेकवली. मनगटाची आतली बाजू उत्तम. तिथे कातडी पातळ असते, आणि पुढे बांगड्या असतातच झाकायला.

ही आधीच्या बाईसारखी ओरडत नाही. ओठ चावते. शिकेल.

अक्षर नीट काढ. तो शब्द पुन्हा लिही.

शिकेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस लिहायचं राहूनच गेलं. चहा पेता पेता मी आडवी होते अन् सगळा दिवस निघून जाते. साधनाले विचारलं, काल काही लिहिलं का? म्हणे, नाही आजी, तुमी झोपल्या होत्या.

तिच्या डाव्या हाताले पट्टी आहे. तव्याचा चटका म्हणे. मी म्हटलं, मास्तरीणबाई, साठ वर्षं भाकरी केल्या मी, चटका बोटाले बसते. मनगटाच्या आतून कोणता तवा लागते? ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू बोलण्यालेही हसते.

माझ्या अंगठ्याले काजळी आहे. शिवम गेल्यापासून मी एकही पाइप घासला नाही. पदराले जळून भोक पडलं आहे, बोराएवढं.

अन् एक सांगते, हेही लिही. चहा ठेवताना तिनं माझ्याकडं पाठ केली नाही. एकदाही नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज लिहून घेणारी मैथिली आहे, वरच्या माळ्यावरची. साधना शाळेत गेली. मी मैथिलीले दुपारी बोलावलं अन् म्हटलं, ही वही मले वाचून दाखव.

पहिली पानं वाचताना ती हसली. मंगळवार आला तशी तिनं खुर्ची माझ्यापासून मागं सरकवली. मी म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

हे मी बोलली नाही. मले अशी भाषा येत नाही. पण अक्षर साधनाचं आहे, मैथिली म्हणते. म्हणजे कोणी तरी सांगितलं अन् तिनं लिहिलं. घरात आमी दोघीच.

पाइप कपाटात होता. वाटी अजून कोमट. मी तो पाट्यावर ठेवला अन् वरवंट्यानं फोडला. भुगा होईपर्यंत. सासरा वारला तेव्हा त्याची चिलीम मसणातच फोडली होती. आमच्यात माणूस गेला की त्याची चिलीम ठेवत नाहीत, फोडतात. सुटते म्हणे माणूस.

मैथिली म्हणते, यानंतर मले बोलावू नका. तेही तिनं लिहिलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळ. साधना शाळेत गेली नाही. कालच्या चटक्यानं हात सुजला —

पाइप फुटला. चव गेली नाही. काल चारनंतर पुन्हा झालं. पाइप नव्हता तर गॅसवर सांडशी तापवली. मी. माझ्या या हातानं. मले आठवत नाही, तिनं सांगितलं. मी पाय धरले तेव्हा सांगितलं.

विचारलं, शिवमले काहून नाही सांगितलं? म्हणे, सांगितलं असतं तर यांनी तुमाले परत अकोल्याले पाठवलं असतं. तिथं तुमच्याशी कोण बोलते? मले वाटलं वयाचं काही असेल, उतरून जाईल. मी म्हटलं, मग उठून काहून नाही पळाली? म्हणे, उठताच येत नाही. तो आवाज लागला की हात लिहिते अन् पाय माझे राहत नाहीत.

ताराबाईले फोन लावला. मी नाव सांगितलं, पाइपाचं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, तोंड कोणी लावलं? मी म्हटलं, मी. म्हणे, आणि मनगट कोणाचं? मी साधनाच्या पट्टीकडं पाहिलं. ती हसली. वाईट नाही हसली, सुटल्यासारखी हसली. म्हणे, बावीस वर्षं मनगट माझं होतं. ते गेल्यावर तोंडही माझंच झालं. माझ्या तोंडानं मोलकरणीला, तिच्यानंतर दुसरीला. आठ दिवस झाले, मला गोड गोड लागतं.

मी म्हटलं, यावर काय करायचं? म्हणे, मी केलं तेच. दुसऱ्या घरी द्या. कोणी तोंड लावलं की तुम्ही मोकळ्या.

मी म्हटलं, मी तर फोडला.

मग म्हणे, अरेरे. मग आता देणार काय?

फोन ठेवला. पाइपाचा भुगा गोळा करत बसली मी — काहून ते माहीत नाही —

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळचे नऊ. चहा घेतला नाही. तोंडात गूळ धरला आहे. चारले वेळ आहे.

साधनाची बॅग दाराशी. धामणगाव रेल्वे, तिचं माहेर. दहाची गाडी. मी एकटी राहीन, बाहेरून कुलूप लाव म्हटलं.

शिवमले फोन केला. सगळं सांगितलं. तो हसला. म्हणे, आजी, भारी जमवली गोष्ट, संध्याकाळी येतो, बाकीची तेव्हा सांग. साधनाच्या हाती फोन देईपर्यंत त्यानं ठेवलाही. जन्मभर थट्टा केली, आता —

साधनाच्या हातचं वाचलं तर मानेल. म्हणून चार ओळी. मले लिहिता येत असतं तर मीच — मैथिली दार उघडत नाही. पोरी, लवकर लिही.

शिवम. साधना तुले खोटं बोलली ती माझ्यापायी. तिले परत आणू नको. मी जिवंत आहे तोवर नको. मले कोंडून ठेव. कोणाले माझ्यासमोर बसू देऊ नको, मी सांगते ते कोणी लिहू —

गूळ कडू झाला

पोरी, पेन ठेव. ऊठ. गाडी जाईल. हे नको लिहू, ऊठ, मी म्हणून राहिली ना, ऊठ माय, दार उघडंच आहे, पाय उचल, एक पाय तरी —

बस.

चारची वाट पाहायला मला कोणी सांगितलेले नाही. सांडशी तापते आहे तोवर वर तारीख घाल. घातली आहेस? बरे.

उजवा हात नको, त्याने लिहायचे आहे. डावा पुढे कर. पट्टी सोड. आणि जसे होते आहे तसेच लिहीत जा, गाळू नकोस काही. आधी कातडी