टाकीचं नाव निडिया

९ जानेवारी
वेधशाळेच्या टाकीसाठी बारा हजार लिटर शुद्ध पाणी पठारावर चढवायची खरी किंमत: दोन टायर, माझी कंबर आणि बायकोचा वाढदिवस. म्हणून त्या टाकीला तिचंच नाव दिलं, निडिया. बायको म्हणाली, "फुलं स्वस्त पडली असती." अकरा वर्षं झाली. पाणी बोटभरही कमी झालेलं नाही. आणि मी मूळचा पंक्चरवाला, आता या टाक्यांचा मास्तर!

१४ जानेवारी
वेधशाळेच्या ब्रिसुएलाबाईंनी पुन्हा समजावलं. वैश्विक किरण हवेवर आदळतो, खाली कणांची सर पडते. नेहमीच्या सरीत म्यूऑन नावाचे कण खच्चून, टाकीतल्या पाण्यात लखलखतात. गॅमा किरणाच्या सरीत ते जवळजवळ नसतातच. म्हणजे टाकी गप्प, तो गॅमा. इतक्या वर्षांत खात्रीचा एकही नाही. माझ्या टाकीत सापडेल, मी म्हटलं.
बायकोशी करार: फेब्रुवारीअखेर गॅमा नाही, तर घर विकून सान राफाएलला, मेहुणीच्या बेकरीत. करार मीच सुचवला. डावपेच.

२२ जानेवारी
यंदा डोंगरावर वितळायला बर्फच नाही, ओढे कोरडे ठणठणीत. टाकीशेजारच्या आब्दोनच्या शेळ्या मात्र गुटगुटीत. त्याने अख्खं करडू भाजून घातलं. विचारलं, पाणी कुठून आणतोस? म्हणाला, "देवाची कृपा, मास्तर, आणि शेजाऱ्याची." किती नम्र माणूस! टाकीच्या झाकणाचा पाना नाताळपासून त्याच्याकडेच राहिलाय. आज आणायचा होता. करडामुळे विसरलो.

३ फेब्रुवारी
निडियाचा अलार्म: पातळी कमी. सेन्सर गेला असणार. अलार्म बंद केला.
संकल्प: सेन्सर सोमवारी बदलणे. (कुठला सोमवार ते लिहिलेलं नाही, म्हणजे मोडला नाही.)

११ फेब्रुवारी, सकाळी ७
आला! प्रचंड सर, पाच टाक्यांवर. चार कडेच्या, त्यांचं धड कळत नाही. मधोमध निडिया. म्यूऑन जवळजवळ नाहीतच!! ब्रिसुएलाबाई खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "मास्तर, खरं निघालं तर लेखात तुमचंही नाव."
बायकोला सांगितलं, निडिया अगदी गप्प होती. म्हणाली, "मग ती मी नव्हेच."

१७ फेब्रुवारी
फोटोसाठी शर्ट शिवायला टाकला. मेहुणीला कळवलं, पाव तुमचा तुम्हीच भाजा.

२६ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, टाकी एकदा उघडून बघा. म्हटलं, माझ्यावर शंका? "तुमच्यावर नाही, पाण्यावर." अपमान गिळला. पान्यासाठी आधी आब्दोनकडे गेलो.
पाना दारात टांगलेला. खाली लांब रबरी नळी. ओली.
मी नळीकडे बघतोय हे पाहून आब्दोनने टोपी काढली. म्हणाला, "मास्तर, दुष्काळ पडला आणि तुम्ही पाना ठेवून गेलात. मला वाटलं, पाणी उघड देता येत नाही म्हणून न बोलता दिलंत. ते करडू त्याबद्दलच होतं." डोळ्यांत पाणी त्याच्या. तेही माझ्याच टाकीतलं म्हणायचं.
त्याने माते, आमच्याकडचा कडू चहा, पाजला. प्यायलो. करडू मी दोनदा वाढून घेतलं होतं.

२८ फेब्रुवारी
बाईंना नळीचं सांगितलं; पाणीच कमी, तर म्यूऑन लखलखणार कशात? त्यांनी ती सर गॅमाच्या यादीतून काढली. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. शर्ट तयार आहे, आणायला गेलो नाही. बायको भांडी कागदात गुंडाळतेय. विचारलं तिने, गॅमाचं काय झालं? म्हटलं, शेळ्या प्यायल्या. तिने पुढचा कागद माझ्या हातात दिला.
दुपारी जाऊन मोजलं. निडियात पाणी गुडघ्याच्या खाली चार बोटं.