रिकामा हात

रविवार, संध्याकाळ. पेडगाव.

आज बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, पंच म्हणून दिवसभर उन्हात उभा होतो. पाय दुखायलेत, आवाज बसलाय. सकाळीच सगळ्या गाडीवानांच्या काठ्या, चाबूक काढून घेतले आणि पोत्यात बांधून ठेवले. बैलाला मारलं की जोडी बाद, असं माइकवर दहा वेळा सांगितलं. वर हेही बोललो, की आमच्या गोठ्यात काठीच नाही. काय गरज होती?

दुपारी झरीच्या गंगाधरमामांची जोडी पहिली आली. सुटताना मामांनी नुसता हात वर केला. रिकामा हात. बैलांच्या पाठीवरची कातडी थरथरली आणि ते जीव घेऊन पळाले. पळ संपल्यावर मी मामांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मामा, हे काय?"

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "गुरुजी, हातात काय हाय का? मंग कोणत्या नियमात बाद करता, सांगा."

कागदावर 'चाबूक वापरला नाही' असं लिहून सही केली. खोटं तर काही लिहिलं नाही. तरी तो वर गेलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्यावर गोठ्यात गेलो. घामेजलेला सदरा काढून खुंटीला अडकवायला हात वर केला, तर आमच्या तांबड्यानं मान आत ओढून डोळे मिटले.

गोठ्यातली काठी मी चार वर्षांपूर्वीच चुलीत घातली. तांबड्याला ते अजून माहीत नाही.