बिनओझ्याची जागा

२ सप्टेंबर, मंगळवार

चाळीस पोती वाती परत! हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन — "अमरसिंगजी, वात पेटवली की गाभाऱ्यात सगळे खोकतात." पोत्यात नाक घातलं. मिरची! पार्ट लोडच्या, चार जणांचा माल नेणाऱ्या गाडीत आमच्या पोत्यांवर कुणाची तरी मिरची लादली होती. देवालाही ठसका लागला असेल. मनातच हात जोडले.

तांड्यातल्या अकरा बायांचं तीन आठवड्यांचं काम. नवरात्राचा माल असा आला तर तोच शेवटचा, व्यापारी म्हणतो.

४ सप्टेंबर

मोतीबाई वाती वळता वळता — "भाऊ, ह्या मिरचीच्या वाती घरीच लावा. भुतं तरी पळतीन!" साऱ्या हसल्या. मी नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

दिग्रसला भगवानरावांच्या ट्रान्सपोर्टमध्ये गेलो. यावेळी फुल गाडी, म्हणालो. ते हसले. "सहा क्विंटल वातीले अख्खी गाडी? मांगं कोपरा रिकामाच राह्यते ना बाप्पा! तिथं दुसऱ्याचा माल टाकतो. तुले भाडं हलकं." नको म्हणालो.

घरी याडीला सांगितलं. आई आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीतच बोलते, मी इथे मराठीत लिहितो. म्हणाली, "तो कोपरा रिकामाच ठेव. तुझ्या पणज्याच्या लदेणीत शंभर बैल धान्य वाहायचे, एक बिनओझ्याचा चालायचा. देवाचा. त्याच्या पाठीवर कुणी काही ठेवत नसे. तांडा त्याच्या भरवशावर जंगल पार करायचा."

"याडी, आता बैल कुठं?"

"जागा तर आहे."

१० सप्टेंबर, बुधवार

साठ पोती चढवली. मागचा डावा कोपरा — बैल उभा राहील एवढा — झाडून मोकळा ठेवला. हळदकुंकू वाहिलं. सेवालाल महाराजांचं नाव घेतलं.

काट्यावर गाडी आधी रिकामी तोलली होती. भरून तोलली — सहाच्या जागी माल दहा क्विंटल! काटेवाल्याने तीनदा तोललं. दहाच. ड्रायव्हर श्रावण मागे चढून पाहून आला. "काईच नाई, भाऊ."

चढताना त्याच्या पायात चपला होत्या. उतरला तेव्हा हातात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

माल पोचला, कोरडा, बिनवासाचा! व्यापारी खूश. मग श्रावणचा फोन — "आदिलाबादच्या पुढं असा वारा सुटला का दोन हलक्या गाड्या रस्त्यातच आडव्या झाल्या. आपली जागची हलली नाई. मांगं कोनीतरी पाय रोवून उभं होतं, भाऊ. म्या आरशात पाह्यलंच नाई."

पाहायला हवं होतं, असं मीही म्हणालो नाही.

१५ सप्टेंबर

गाडी परत आली. याडीने दारात बादलीभर पाणी ठेवलं. संध्याकाळी बादली कोरडी.

ऊन फार होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीचा माल निघाला. भगवानरावांनी पुन्हा विचारलं. यावेळी हो म्हणालो. वाचलेल्या भाड्यात बायांना बसायला टिनाचं छप्पर होईल, अशी मनाची समजूत घातली. मिरची नको, डाळ चालेल — तिला काय वास? कोपऱ्यात आठ पोती, चार क्विंटल. वाती सहा. काट्यावर दहा. बरोबर दहा! एक किलोही वर नाही. इतकं हलकं वाटलं!

याडीला सांगितलं नाही.

निघताना श्रावण म्हणाला, "भाऊ, आज मांगं लय सुनं वाटून राह्यलं." मी म्हणालो, "डाळ आहे की सोबतीला."

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दारात बादली. कोरडी.

"पाणी काहून ठेवलं, याडी? गाडी तर कालच गेली."

"तो दमून आला. दिग्रसपासून सारा रस्ता पायी." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू उतरवलंस त्याला. मग गाडीसोबत कोण गेलं?"

श्रावणला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा उचलला गेला. पलीकडे नुसता वारा.