दिवाकरभाऊजींच्या देवघरासाठी

मी, वनमाला नीलकंठ पांढरीपांडे, रेल्वेतून निवृत्त, राहणार बुढापारा, रायपूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर नाही असे माझे दीर दिवाकर सांगत फिरतात. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. आता बोला म्हणावं.

१. घर माझ्या स्वकमाईचे आहे. वरचा लाकडी जमिनीचा हॉल माझी विद्यार्थिनी गंधाली श्यामराव बोरकर हिला देते. तिचे वडील पुरानी बस्तीत रिक्षा ओढतात. लहानपणी भिलाईत एका रशियन इंजिनिअरच्या बायकोने मला बॅले शिकवला, तो मी या हॉलमध्ये गरिबांच्या पोट्ट्यांना शिकवला. रायपूर राजधानी झाले, रस्ते रुंद झाले, पण या पोरींना नाचायला कोणी जागा दिली नाही. हॉल विकू नये. शिकवणे चालू राहावे.

२. भाऊजींना हा हॉल कोचिंग क्लासला द्यायचा होता. गंधाली मुंबईच्या बॅले कंपनीत निवडीसाठी निघाली होती. बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहायचे बूट कापड आणि खळीचे असतात, पाण्याने लगदा होतो, हे मी भाऊजींना स्वतः सांगितले होते. नवी वस्तू आधी देवापुढे ठेवायची म्हणून तिने बूट देवघरात ठेवले. भाऊजींनी ते बादलीत बुडवले. वर म्हणाले, "पायातलं देवापाशी काहून ठेवते पोट्टी? म्या धुऊन पवित्र केलं." दुसरी जोडी नव्हती. तिने तेच वाळवून घातले आणि नाचताना घोटा मोडला. परत येऊन म्हणाली, "दीदी, पहले जूता टूटा, फिर पैर." भाऊजींना मी माफ केलेले नाही. मेल्यावरही करणार नाही.

३. हॉलच्या बरोबर खालची खोली, जिथे भाऊजी आज माझ्या मेहेरबानीवर राहतात, ती त्यांना देते. त्यांना दुपारी झोप लागते, म्हणून क्लास दुपारीच भरवावा. अट एकच. ते लगदा झालेले बूट त्यांनी आपल्या देवघरात देवांशेजारी ठेवून रोज हळदकुंकू वाहावे. बूट हलले की खोली गंधालीची. ती केव्हाही येऊन पाहील. तिने चपला काढायची गरज नाही.

४. गंधाली, घोटा बरा झाला आहे. माझे हातातले सोन्याचे गोठ मोड, चांगले बूट घे, पुन्हा मुंबईला जा. माझ्यासाठी सुतक धरून बसू नको.

रायपूर, १४ फेब्रुवारी २०१२
सही: वनमाला नीलकंठ पांढरीपांडे

साक्षीदार:
१) निरंजन देशकर, वकील, समता कॉलोनी.
२) मंदाकिनी दिवाकर पांढरीपांडे. सगळे वाचून सही केली. बूट ह्यांनी माझ्यासमोर बुडवले, मी नको म्हणत होते. देवघरात जागा करून ठेवली आहे.