कोडोलीच्या मुली आणि आशिया कप

१६ जून, सोमवार

फुटबॉल! आणि तोही मी!

शाळेचा पहिलाच दिवस. मुख्याध्यापक अमरसिंह सरांनी बोलावून घेतलं. खेळाच्या सरांची बदली झालीय, नवा माणूस कधी येईल सांगता येत नाही, पण मुलींच्या संघाचं नाव तालुक्याच्या स्पर्धेला कळवून झालंय. तेव्हा संघ तुम्ही बघा. मी म्हटलं, सर, मी इतिहास शिकवते. तर म्हणाले, "तुम्ही कोल्हापूरच्या की. पेठेत राहता. तुमच्या रक्तातच हाय फुटबॉल."

रक्तात! मी जयसिंगपूरची. लग्न होऊन पेठेत आले त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत फुटबॉल मला इतकाच कळला — गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागले की वर्ल्ड कप, आणि सौमित्र जेवायला दोन तास उशिरा आला की पेठेची मॅच.

त्याला सांगितलं तर बायकोला धीर द्यायचा सोडून पोट धरून हसत बसला.

१८ जून

चौदा मुली आल्या. बूट पाच जणींकडे. चेंडू दोन, त्यातला एक रोज हवा सोडतो. शिपाई पिराजीमामा सायकलच्या पंपाने तो भरतात. मामांना या खेळातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. हळूच म्हणाले, मॅडम, शिट्टी तरी वाजवा. वाजवली. सगळ्या थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

एक मात्र दिसलं. दहावीतली संयोगिता! सडपातळ पोर, पण तिने चेंडू मारला तो कंपाउंडवरून पलीकडच्या उसात. शोधायला अर्धा तास गेला.

गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. नववीतली ऋता मागे गप्प उभी होती. तिला उभं केलं.

२० जून

मैदानात घोटाभर पाणी. मुलींना वर्गात बसवलं. आता एक तास करायचं काय? मला येतं तेच केलं — इतिहास शिकवला.

काल संध्याकाळी बसून वाचलं होतं. बायकांचा आशिया कप १९७५ साली सुरू झाला, हाँगकाँगला. जिंकला कुणी? न्यूझीलंडने! मुली म्हणाल्या, मॅडम, ते आशियात कुठंय? म्हटलं, नाहीच. तरी जिंकले. वर्ग हसला. मग ७७ साल, तैवानमध्ये. आणि मग १९८० साल — कालिकत! आपल्याच देशात! भारताचे दोन संघ उतरले होते, एक 'एस' आणि एक 'एन'. त्यातला 'एस' फायनलला गेला. फायनलला!

मग संयोगिता म्हणाली, "आपण? भारत?"

होय. तैवानकडून दोन-शून्य हरलो. पुढच्या वर्षी तिसरे आलो. ८३ साली बँकॉकला पुन्हा फायनल, थायलंडकडून तीन-शून्य. त्या काळची मोठी खेळाडू शांती मलिक, बंगालची. फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेली पहिली बाई. मी फळ्यावर नाव लिहिलं, मुलींनी न सांगता वहीत उतरवलं. इतिहासाच्या तासाला असं कधी होत नाही!

ऋताने विचारलं, तेव्हा गोलकीपर कोण होती? मी म्हटलं, मी वाचलं त्यात नव्हतं.

२३ जून

सौमित्रने बातमी दाखवली. पुढच्या आशिया कपची पात्रता फेरी सुरू झालीय, थायलंडमध्ये. आज भारताने मंगोलियाला तेरा-शून्य हरवलं. तेरा!

त्याचे मित्र बसले होते. युरो कपच्या कुठल्या साली कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला ते सगळं यांना पाठ. मी विचारलं, भारताच्या बायका आशिया कपाच्या फायनलला किती वेळा गेल्या? एकाला सांगता येईना. एक जण म्हणाला, चौसष्ट साली आपण दुसरे आलो होतो. म्हटलं, ते पुरुष. बायकांचं सांगा. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मला जे समाधान झालं ते इथेच लिहून ठेवते, बाहेर बोलून दाखवणार नाही.

२६ जून

शाहू जयंती. भाषणं, मग सराव. पासिंग शिकवलं — म्हणजे पिराजीमामांनी शिकवलं, मी शिट्टी वाजवली. शिट्टी आता चांगली वाजते.

२८ जून

संयोगिता तीन दिवस सरावाला नाही. शाळेत येते, शाळा सुटली की पळते. विचारलं तर खाली बघते. वर्गातल्या मुली म्हणाल्या, तिचे वडील पाठवत नाहीत.

रागच आला. तालुक्याला तीन आठवडे राहिलेत आणि संघात गोल मारणारी एकच.

१ जुलै, मंगळवार

पिराजीमामांना घेऊन तिच्या घरी गेले. वाटेत भांडणाची पूर्ण तयारी केली होती. मुलींचं शिक्षण, खेळ, कायदा — सगळे मुद्दे क्रमाने.

तिचे वडील बाळासो गोठ्यात होते. उठून हात धुतले, पाट दिला, चहा सांगितला. माझा पहिला मुद्दा पूर्ण ऐकून घेतला. मग घरात बोट दाखवलं. त्यांची बायको शालूबाई, उजवा हात प्लास्टरात. गोठ्यात घसरून पडल्या. दावणीला म्हैस एकच, पण मोठी मानी. धारेला शालूबाई नाहीतर संयोगिता, तिसरं माणूस चालत नाही. बाळासो स्वतः बसले तर लाथ खाल्ली — पायजमा वर करून नडगी दाखवली, निळी पडलेली. संध्याकाळची धार पाचला, आमचा सराव साडेचारला.

"मॅडम, पोरीला मी अडवत न्हाय. म्हशीला तेवढं समजावा."

माझे सगळे मुद्दे तिथेच संपले.

चहा पिताना पिराजीमामांनी विचारलं, सकाळची धार कधी असते? पाचला. दूध डेअरीत कधी जातं? सहाला. मग सहानंतर पोरगी काय करते? बाळासो म्हणाले, काय न्हाय, अभ्यास.

म्हणजे सराव सकाळी सातला घेतला तर अडचणच नाही! मी लगेच ठरवून टाकलं. आणि परत येताना एसटीत लक्षात आलं — सातला कोडोलीत पोचायचं तर मला कोल्हापुरातून पावणेसहाला निघायला लागणार.

३ जुलै

पावणेसहाची एसटी. सौमित्रने उठून चहा केला. सोळा वर्षांत प्रथम! म्हणाला, कोचची सेवा.

संयोगिता आली. हाताला दुधाचा वास, पायात भावाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेल्या. तासभर नुसतं गोलावर मारत होती. तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. बाकीच्या मुलीही सगळ्या वेळेवर. पावसात ऋता चिखलात इतक्या वेळा पडली की ओळखू येईना.

नंतर पायऱ्यांवर बसून पुढचा इतिहास. चीन १९८६ पासून सलग सात वेळा जिंकला, त्यांची मोठी खेळाडू सुन वेन. मग जपान. मग २०२२ साल, स्पर्धा पुन्हा भारतात, नवी मुंबईत आणि पुण्यात! ऑस्ट्रेलियाच्या सॅम कर हिने सात गोल मारले तरी तिचा संघ लवकर बाहेर. फायनलला चीन दोन गोलांनी मागे होता, तिथून तीन-दोनने जिंकला. मुलींनी विचारलं, आणि आपण? सांगायला जड गेलं. एक मॅच झाली, इराणशी शून्य-शून्य. मग संघात कोरोना शिरला, अकरा जणी उभ्या करता येईनात. स्पर्धेतून बाहेर. आपल्याच घरच्या स्पर्धेतून.

मग संयोगिता म्हणाली, "यंदा जातील की."

मंगोलियानंतर तिमोरला चार, काल इराकला पाच. आता राहिला थायलंड. तोच थायलंड, ८३ चा.

५ जुलै, शनिवार

जिंकलो!!

फोन टीव्हीला जोडून बघितलं. सौमित्र, त्याचे तेच मित्र, शेजारच्या दोघी बायका. सौमित्र आधीच बजावत होता — थायलंड जड आहे, अपेक्षा ठेवू नको. एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारला, गोल! दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच त्यांनी फेडला. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीताच! दोन-एक. शेवटची वीस मिनिटं मी बसलेच नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

पात्रता फेरी खेळून, जिंकून आशिया कपाला जाणारा भारताच्या बायकांचा हा पहिला संघ. सौमित्रचा मित्र, तो चौसष्टवाला, डोळे पुसत होता. मला म्हणाला, वहिनी, धूर लागला. घरात धूर कसला?

बाळासोंच्या फोनवरून संयोगिताचा फोन आला. गोठ्यात फोन खुंटीला अडकवून बघितलं म्हणे. धार काढायला उशीर झाला, म्हैस हंबरत होती, पण बाळासोच म्हणाले, राहू दे जरा.

१५ जुलै

बूट आले. अमरसिंह सरांनी गावातल्या तीन माणसांना गाठलं, चौदा जोड झाले. मुलींनी पहिला अर्धा तास नुसते घालून बघितले. सराव नाही.

२२ जुलै, मंगळवार

तालुका जिंकला! कोडोली, तालुक्यात पहिली!

सकाळची मॅच दोन-शून्य, दोन्ही गोल संयोगिताचे. दुपारी फायनल. पाऊस, चिखल, शून्य-शून्य. मग टायब्रेकर. मी पिराजीमामांचा हात इतका घट्ट धरला होता की ते म्हणाले, मॅडम, ह्यो म्हातारा हात हाय. ऋताने दोन अडवले. मग शेवटची किक संयोगिताची. ही गेली तर जिंकलो. तिने चेंडू ठेवला, पुसला, चार पावलं मागे गेली. किती शांत होती! मी आयुष्यात इतकं शांत माणूस पाहिलं नाही. आणि मारला तो वरच्या कोपऱ्यात. जाळं हललं आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मुली तिच्यावर पडल्या, मीही पडले. साडी गेली. जाऊ दे!

बाळासो आले होते. लांब कुंपणाशी उभे होते, टोपी हातात. मी गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "लाथ तिच्या म्हशीनंच शिकवली असंल."

२ ऑगस्ट

शालूबाईंचं प्लास्टर निघालं. बाळासो म्हणाले, आता संध्याकाळीही पाठवतो. मी सकाळचीच वेळ ठेवली. मला आता पावणेसहाची सवय झालीय. हे सौमित्रला सांगायचं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

जिल्ह्याची पहिली मॅच, कोल्हापुरात. हरलो. एक-शून्य.

समोर शहरातला मोठा संघ. त्यांच्या मुली लहानपणापासून क्लबात खेळणाऱ्या. सगळा वेळ चेंडू आमच्याच गोलासमोर. वीस-पंचवीस वेळा त्यांनी मारला असेल. गोल गेला तो अगदी शेवटी, आमच्याच मुलीच्या पायाला लागून. संयोगितापर्यंत चेंडू पोचलाच नाही! ती मध्यावर उभी राहून हात करत होती, मी बाहेरून हात करत होते. सौमित्र माझी बाही ओढून सारखा म्हणत होता, अगं ती पोरगी बघ, ती पोरगी बघ. मी बघतच होते की संयोगिताकडे.

कोपऱ्यात दोघे गृहस्थ वहीत लिहीत बसले होते. जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या मुलींचं शिबिर आहे, त्यासाठी निवड चाललीय म्हणे. त्यांना जाऊन सांगावंसं वाटलं — हिला तालुक्याला बघायला हवं होतं.

मुली रडल्या. मग मिसळ खाल्ली. मग हसल्या.

८ ऑगस्ट

सगळा गाव म्हणतोय, शिबिराच्या यादीत संयोगिता नक्की. अमरसिंह सरांनी सत्काराचा हार कुठून आणायचा तेही ठरवलंय. संयोगिता रोज सातला येते, मारत राहते.

१३ ऑगस्ट, बुधवार

यादी आली. आमच्या शाळेचं एकच नाव. संयोगिता नाही.

ऋता. गोलकीपर.

सरांनी दोनदा वाचलं. मीही. मग संयोगिताच ओरडत नववीच्या वर्गाकडे पळाली आणि ऋताला हाताला धरून ओढत घेऊन आली. ऋताला वाटलं, काहीतरी चुकलंय. नाव दाखवलं तर कागदाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटत होतं माझ्याकडं कुणी बघतच न्हाय."

मी तिला जवळ घेतलं. मी तरी कुठे बघितलं होतं?